हाताच्या पाठीने तपासलेला चार्जर

आमच्या डिलाईल रोडच्या खोलीत प्लग लावायला दोनच जागा आहेत. एक फ्रिजची आणि दुसरी खिडकीखाली, माझ्या टेबलाजवळ. ज्या घरात गिरणीचा वायरमन राहतो, त्या घरात भिंतीभिंतीला प्लग असतील असं कुणालाही वाटेल. आमच्याकडे उलटा कारभार. बाबांची उमेदीची सगळी वर्षं साचेखात्यात, म्हणजे शेकडो माग एकत्र धडधडतात त्या खात्यात, विजेची कामं करण्यात गेली. तिथून ते दोन गोष्टी घरी घेऊन आले. एक, त्या आवाजाने गेलेले कान. दुसरी, विजेच्या बाबतीतलं कडक सोवळं. मल्टीप्लग घरात येणार नाही. वायर चालायच्या वाटेत पडणार नाही. मिक्सर लावायचा तर टेबलाजवळचं काढायचं, चटणी वाटायची आणि मग जे होतं ते परत लावायचं. मी लहानपणापासून या नियमांवर चिडत आले आहे आणि ते पाळतही आले आहे.

मी परळला एका छोट्या ऑफिसात मराठी टायपिंग करायचे. भाषणं, बैठका, मुलाखती ऐकायच्या आणि उतरवून काढायच्या. माझा हात चालतो, हे स्वतः सांगायला मला लाज वाटत नाही. बोलणारा श्वास घेईपर्यंत माझं वाक्य पुरं झालेलं असतं. ते ऑफिस बंद पडलं तेव्हा मालकांनी माझा लॅपटॉप मला घरी नेऊ दिला. लॅपटॉप चांगला, पण बॅटरी मेलेली. वायर काढली की स्क्रीन काळा. महिन्याभरात त्याच्या चार्जरनेही मान टाकली. दुरुस्तीवाला म्हणाला, या मॉडेलची बॅटरी मागवावी लागेल, पंधरा दिवस धरा.

माझ्याकडे पंधरा दिवस नव्हते, आठ होते. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी ऑनलाइन वर्ग घेणाऱ्या एका संस्थेला टायपिस्ट हवी होती. शिक्षक बोलत जातील तसं त्यांचं बोलणं मराठीत टाइप करत जायचं, म्हणजे मुलांना ते स्क्रीनवर वाचता येतं. शनिवारी सकाळी दहा वाजता दोन तासांची चाचणी होती. जमलं तर कायमचं काम, तेही घरात बसून. नाही जमलं तर पुण्याच्या नोकरीचं पत्र हातात होतंच. आणि मी पुण्याला गेले की बाबांनी भावाकडे बदलापूरला राहायला जायचं, हे घरात न बोलता ठरल्यासारखं होतं. एका दुपारी बाबांनी गिरणीपासून जपलेला आपला टेस्ट लॅम्प, होल्डरला दोन वायरी जोडलेला तो साधा दिवा, खालच्या मजल्यावरच्या वायरमनला देऊन टाकला. "तिकडे माका काय करूचो आसा," एवढंच म्हणाले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मला जायचं नव्हतं आणि बाबांना इथून हलवायचं तर मुळीच नव्हतं.

तर प्रश्न असा होता: फ्रिजची सोडली तर जागा एक, तोंडं तीन. लॅपटॉप, इंटरनेटसाठी फोन, आणि बाबांच्या कानाच्या मशीन. त्या मशीन एका छोट्या डबीत ठेवून रोज चार्ज कराव्या लागतात. भाच्याने फोनवर सांगितलं की हल्ली एकाच चार्जरला तीन पोर्ट असतात, लॅपटॉपसुद्धा चालतो, पासष्ट वॅटचा घे. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "म्हणजे मल्टीप्लगच काय?" मी म्हटलं, नाही, हा विचार करून देतो, कुणाला किती हवंय ते विचारून. बाबा म्हणाले, मग बघायला हवा.

चार्जर मी एकटीने आणला असता तर ही गोष्ट लिहायची वेळच आली नसती. पण विजेची वस्तू बाबांना वगळून घरात येत नाही. आम्ही दोघं दादरला गेलो. स्टेशनबाहेर एका टेबलावर चार्जरांचा ढीग होता. मी एक लहानसा, पांढरा उचलला. तीन पोर्ट, पासष्ट वॅट, सगळं बरोबर. बाबांनी तो हातात घेतला, वरखाली केला आणि खाली ठेवला.

"ह्याच्यात काय नाय. फुलासारखो हलको."

मग त्यांनी दुसरा उचलला. तो काळा होता, आकाराने दुप्पट आणि हाताला चांगला जड. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. "धर. वजन बघ. जड आसा म्हणजे आत तांबा आसा."

यात त्यांचं काही चुकत होतं असं त्या वेळी मला वाटलं नाही. गिरणीत अख्खा जन्म त्यांनी असाच माल पारखला होता. मोटर, चोक, ट्रान्सफॉर्मर, ज्याचं वजन जास्त त्याच्यात तांबं जास्त, आणि ज्याच्यात तांबं जास्त तो टिकणार. साचेखात्यातल्या माणसांना बाजारात पंखा घेतानाही दोन्ही हातांनी उचलून बघताना मी पाहिलं आहे. आमच्या चाळीत इस्त्रीसुद्धा वजनावर घेतात. मी लहान होते तेव्हा शेजारच्या काकूंनी हलकी इस्त्री आणली तर बाबांनी ती परत करायला लावली होती आणि बदलून आणलेली अजून चालते. तेव्हा आम्ही तो काळा चार्जर घेतला, विकणाऱ्याने वर एक वायर फुकट दिली आणि आम्ही खुशीत घरी आलो.

लॅपटॉपला लावला तर कोपऱ्यात अक्षरं आली: चार्जर कमी ताकदीचा आहे. पंधरा मिनिटं टायपिंग केलं आणि स्क्रीन काळा झाला. बाबांनी चार्जरला हाताची पाठ लावली.

इथे हे सांगायला हवं, कारण पुढे ते लागणार आहे. विजेच्या कुठल्याही वस्तूला बाबा तळहात लावत नाहीत, नेहमी हाताची पाठ लावतात. करंट असला तर तळहात आपोआप मिटतो आणि वस्तू घट्ट धरून ठेवतो. पाठ लावली तर हात झटक्याने बाजूला होतो. गिरणीतल्या जुन्या वायरमनांना ही सवय होती. पाठीला गरमही नीट कळतं, असं ते म्हणतात. आई आजारी होती तेव्हा तिच्या कपाळाला ताप बघायलासुद्धा ते हाताची पाठच लावायचे.

त्यांनी पाठ लावली आणि लगेच काढली. मग प्लग काढला, चार्जर गार होऊ दिला, स्क्रूड्रायव्हर घेऊन टेबलाशी बसले आणि दोन मिनिटांत तो उघडला. आत एक छोटीशी प्लेट, त्यावर चार-पाच बारीक भाग आणि तळाला गोंदाने चिकटवलेली लोखंडाची जाड पट्टी. ती पट्टी कशालाच जोडलेली नव्हती. नुसती वजनासाठी घातलेली.

मी कपाळाला हात लावला. बाबांनी ती पट्टी काढून टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता विकणाऱ्याच्या सात पिढ्या निघणार. तसं झालं नाही.

"माका वळाखणारो माणूस आसा ह्यो," ते म्हणाले. "म्हाताऱ्यांका वजन लागता, ह्या तेका म्हायत आसा." आणि मग, माझ्याकडे न बघता, "चूक माझी. उद्या परत जाव."

मी त्यांच्यावर वैतागले होते. अख्खा दिवस वाया गेला, चाचणी चार दिवसांवर आली. पण त्या एका वाक्याने माझा राग उतरला. ज्या ज्ञानावर माणसाने जन्म काढला ते एका दुपारी बाजूला ठेवायचं, तेही मुलीसमोर, हे सोपं नाही. माझ्या ओळखीत असे पुरुष फार नाहीत. मी स्वतः तर तशी नाहीच.

दुसऱ्या दिवशी आम्ही लॅपटॉप घेऊन लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो. तिथल्या एका अरुंद दुकानात माझ्याहून लहान वयाची एक बाई बसली होती. चष्मा कपाळावर, समोर हातभर काउंटर आणि त्यावर नाना वायरी. बाबांनी तिला सगळं खरं सांगितलं, लोखंडाच्या पट्टीसकट. ती हसली नाही. तिने खणातून तीन चार्जर काढले, सगळे त्या पांढऱ्यासारखे छोटे, काड्यापेटीहून थोडे मोठे.

"काका, हे हलके असतात ते बरोबर आहे," ती म्हणाली. "आत जुन्या सिलिकॉनऐवजी दुसरा माल असतो, गॅन म्हणतात त्याला. कमी तापतो, म्हणून लहान डब्यात मावतो. मोठा ट्रान्सफॉर्मर लागतच नाही."

"कमी तापतो म्हणून लहान," बाबांनी स्वतःशी म्हटलं. घरी बोलतात ती मालवणी त्यांनी बाहेर ठेवली होती. ते दुकानात नेहमी शाळेतल्यासारखं मराठी बोलतात. "म्हणजे वजन बघायचं नाही. मग काय बघायचं?"

"हे." तिने एक अंगठ्याएवढा मीटर काढला, चार्जर आणि वायरीच्या मध्ये लावला आणि दुसरं टोक माझ्या लॅपटॉपला लावलं. मीटरवर आकडे उजळले. व्होल्ट, अँपिअर, वॅट.

मीटर दिसला आणि बाबांचा चेहरा असा काही फुलला की मला बाजूला सरकावं लागलं. पुढचा अर्धा तास त्या दोघांत मी कुणीच नव्हते. त्यांनी तिन्ही चार्जर लावून बघितले. एकाने दोन पोर्ट भरल्यावर लॅपटॉपचे वॅट फारच खाली नेले, तो तिने स्वतःच बाजूला ठेवला. उरलेल्या दोनांतल्या एकाच्या मागची बारीक अक्षरं वाचायला बाबांनी तिच्याकडून भिंग मागून घेतलं. एकटा लॅपटॉप असेल तर पासष्ट, सोबत फोन असेल तर पंचेचाळीस आणि वीस, तिन्ही लावले तर किती, हे सगळं त्यांनी वाचलं आणि मीटरवर ताडून पाहिलं. "लिहिलंय तेच देतो," ते शेवटी म्हणाले. ते याहून मोठी शाबासकी कुणाला देत नाहीत.

"आणि वायर?" ती म्हणाली. "कालची फुकट मिळालेली वायर वापरू नका. तिच्यातून लॅपटॉपला पुरेसं जात नाही. ही जाड घ्या."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "गिरणीत मोटर जळाली की आम्ही आधी वायर बघायचो," ते तिला म्हणाले. "लोक मोटरला शिव्या द्यायचे." ती बाई मनापासून हसली आणि निघताना तिने स्वतःचा फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. काही वाटलं तर विचारा काका, म्हणाली.

मला ती बाई फार आवडली. म्हाताऱ्या माणसाशी ती लहान मुलाशी बोलल्यासारखं बोलली नाही आणि त्यांच्या ज्ञानाला जुनं म्हणाली नाही. आणि तो चार्जरही मला आवडला. चार बोटांत मावणारी एवढीशी वस्तू, तीन वेगवेगळ्या भुकेच्या वस्तूंना विचारून विचारून वाढते, म्हणजे थोडं थोडकं काम नाही.

घरी आल्यावर बाबांनी आधी टेबलाजवळचं सॉकेट बदललं. जुन्याची पकड ढिली झाली होती आणि चार्जर त्यात लोंबकळत होता. बाबांच्या मते, लोंबकळणारा प्लग म्हणजे आगीची सुरुवात. गुरुवारी दुपारी मी रंगीत तालीम केली. लॅपटॉप लावला, फोन लावला, रेडिओवरच्या बातम्या सुरू केल्या आणि ऐकत ऐकत टाइप करत राहिले. वीस मिनिटं सगळं सुरळीत चाललं. मग बाबांनी येऊन आपली कानाच्या मशीनची डबी तिसऱ्या पोर्टला लावली आणि माझा लॅपटॉप फटकन बंद झाला.

मी ओरडले. बाबांच्या कानात मशीन नव्हत्या, त्यामुळे माझं ओरडणं वाया गेलं. काय झालं ते त्यांना स्क्रीन बघून कळलं. त्यांनी डबी काढली, लॅपटॉप सुरू करायला सांगितलं, पुन्हा डबी लावली. पुन्हा बंद. असं तीनदा केलं. मग मशीन कानात घालून त्यांनी त्या दुकानातल्या बाईला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"हो काका," ती म्हणाली. "नवीन काही लावलं की तो सगळ्यांचं क्षणभर बंद करतो आणि पुन्हा वाटून देतो. चांगल्या बॅटरीला ते कळतसुद्धा नाही. तुमची बॅटरी मेलेली आहे, म्हणून."

"पंगतीत नवीन माणूस बसला की वाढपी थांबून भात किती उरलाय बघतो, तसं," बाबा म्हणाले.

"तसंच."

"आणि आधीच लावून ठेवलं तर? डबी भरली की पुन्हा वाटणार काय?"

"बहुतेक नाही. पण छातीठोक नाही सांगत."

बाबांनी फोन ठेवला. आम्ही असं ठरवलं की शनिवारी सकाळी बाबांच्या मशीन आधी भरून घ्यायच्या, मग लॅपटॉप आणि फोन लावायचे आणि बारा वाजेपर्यंत कुणी त्या भिंतीकडे फिरकायचं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी चाळीच्या मीटरबॉक्समध्ये काहीतरी जळलं आणि सगळ्या मजल्याची लाईट गेली. ती आली शनिवारी सकाळी नऊ वाजता. लॅपटॉप बंद, फोनमध्ये जेमतेम धुगधुगी. मी आल्या लाईटीसरशी दोन्ही लावले. मग मला आठवलं आणि मी बाबांच्या कानाकडे वळून मोठ्याने विचारलं, "तुमच्या मशीन?"

त्यांनी हात हलवला. "भरलेली आसत. काल दुपारीच भरून घेतलंय. तू बस."

मी बसले. बाबांनी स्टूल ओढलं, सॉकेटच्या बाजूला मांडलं आणि त्यावर बसले, जाणाऱ्या-येणाऱ्याचा पाय वायरीला लागू नये म्हणून. दार लोटून घेतलं होतं. दहा वाजता शिक्षिका स्क्रीनवर आल्या. विषय होता पचनसंस्था. त्या भरभर बोलणाऱ्या निघाल्या, मध्येच हसायच्या, मध्येच एखाद्या मुलाला नाव घेऊन विचारायच्या. पहिली पाच मिनिटं मी धापा टाकत त्यांच्या मागे होते, मग हाताला लय सापडली. लहान आतडं, मोठं आतडं, स्वादुपिंड, सगळं माझ्या बोटांतून जात होतं आणि कुठेतरी ती मुलं ते वाचत होती. अधूनमधून डोळ्याच्या कोपऱ्यातून मला बाबा दिसायचे. दर थोड्या वेळाने ते हाताची पाठ चार्जरला लावायचे, क्षणभर ठेवायचे, काढायचे. एकदा त्यांनी माझ्याकडे बघून बोटांनी खूण केली. कोमट आहे, घाबरू नको.

दोन तासांत लॅपटॉपने एकदाही डोळा मिटला नाही.

बारा वाजून गेल्यावर संस्थेच्या मुख्य बाई बोलायला आल्या. त्यांनी फार कौतुक केलं नाही. सोमवारपासून सुरू करा, एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या. मी दोन्ही हात टेबलावर टाकले आणि म्हटलं, "बाबा, मिळालं."

बाबा चार्जरकडे बघत होते.

"बाबा, काम मिळालं."

ते हलले नाहीत. मी आणखी मोठ्याने म्हणणार इतक्यात मला त्यांच्या मांडीवरची डबी दिसली. उघडी होती आणि दोन्ही मशीन तिच्यात होत्या. मशीन भरलेल्या असल्या की डबीवर लागणारा हिरवा दिवा लागलेला नव्हता. म्हणजे त्या काल दुपारी भरलेल्या नव्हत्या. फ्रिजचा प्लग काढून किंवा शेजारी कुणाकडेही त्यांना ती डबी लावता आली असती. पण तसं करायला उठले असते तर मला कळलं असतं, आणि मी हट्टाने ती इथेच लावली असती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दोन तास ते त्या स्टुलावर काहीही ऐकू येत नसताना बसून होते. चाचणी चांगली चालली आहे की फसली आहे, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. त्यांना फक्त चार्जर किती गरम आहे ते कळत होतं.

मग मी नवीन पान उघडलं, अक्षरं जमेल तेवढी मोठी केली आणि टाइप केलं: बाबा, काम मिळालं. आपण कुठेही जात नाही. वायर ओढली जाणार नाही अशा बेताने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि त्यांच्या खांद्याला हात लावला.

त्यांनी चष्मा चढवला. मोटरवरची पाटी वाचतात तसं एकेका शब्दाखाली बोट ठेवून वाचलं. शेवटपर्यंत गेले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग चष्मा काढून पुसला, जो पुसायची काही गरज नव्हती. मांडीवरची डबी उचलली आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं, मला विचारलं, "आता लावू काय?"

मी मान हलवली. त्यांनी डबी तिसऱ्या पोर्टला लावली आणि लॅपटॉप फटकन बंद झाला. तो पुन्हा सुरू करायची मला काही घाई नव्हती.

संध्याकाळी मशीन भरल्यावर बाबा त्या कानात घालून खालच्या मजल्यावर गेले आणि देऊन टाकलेला टेस्ट लॅम्प परत मागून घेऊन आले.